पुढच्या डाव्या चाकाबाबत

विषय : खाजगी मोटारीच्या पुढील डाव्या चाकातील हवा कमी झाल्याची सूचना देणारा लाल दिवा, तो विनाकारण लागणे, सकारण लागणे व न विझणे याबाबत.

संदर्भ : १) सौ. सिंधूताई, सावनेर, यांचे पोस्टकार्ड. २) सौ. वच्छलाबाई यांचे तोंडी आदेश, वेळोवेळी.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, श्री. मनोहरराव डहाके, सेवानिवृत्त बडे बाबू, राहणार हनुमाननगर, नागपूर, यांनी सन १९७७ च्या मार्गशीर्षात आपल्या मोटारीला एक दिवा बसवला. वास्तविक हे प्रकरण एवढ्यावरच नस्तीबंद व्हायचं. तसं झालं नाही, ते का, हे खालीलप्रमाणे.

मनोहररावांनी मोटार घेतली ती एका डॉक्टरांकडून. ‘हिची तब्येत ठणठणीत आहे,’ असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरमंडळी नातेवाइकांना जे सांगतात ते किती धरून चालायचं, हे मनोहररावांना या वयात कळायला हवं होतं. चार दारांपैकी तीन उघडत. हॉर्न फक्त उजवीकडे वळताना वाजे. पण खरं दुखणं एकच, पुढचं डावं चाक. त्यातली हवा कचेरीतल्या माणसांसारखी जाई. एकदम नाही; एकेक करून, कुणाच्या नकळत, कोट खुर्चीवर तसाच ठेवून. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळे जागेवर आहेत.

दोन वर्षांपूर्वी याच चाकानं घात केला होता. मनोहररावांच्या पत्नी वच्छलाबाई, त्यांची थोरली बहीण सिंधूताई सावनेरला दिलेली. तिच्या घरची वास्तुशांत होती. मनोहरराव सपत्नीक पोचले तेव्हा शेवटची पंगत उठून पत्रावळी उचलल्या जात होत्या. सिंधूताई दारात आली आणि एवढंच म्हणाली, “या. खरकटं काढायले माणूस कमीच पडून राह्यलं होतं.”

त्या एका वाक्यावर दोन बहिणींचं बोलणं तुटलं. दर हिवाळ्यात सावनेरहून संत्र्यांची पेटी यायची, ती बंद झाली. वच्छलाबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त बाजारात संत्रं दिसलं की मान वळवून मुळ्याचा भाव विचारत.

आणि आता पोस्टकार्ड आलं होतं. सिंधूताईच्या मुलीचं, गोपिकेचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. पत्र मनोहररावांच्या नावे होतं आणि त्यात चारच ओळी होत्या: मुहूर्त सकाळी साडेदहा, या, वच्छीले सांगा, लुगडं तिनंच आणावं. शेवटच्या ओळीला महत्त्व होतं. त्यांच्या माहेरची रीतच तशी. साक्षगंधाला मुलगी पाटावर बसते ती मावशीनं आणलेल्या लुगड्यात. मावशी नाही तर लुगडं नाही, लुगडं नाही तर मुलगी पाटावर नाही.

वच्छलाबाईंनी ते कार्ड चार वेळा वाचलं.

“अजी,” त्या म्हणाल्या, “ह्या खेपेले उशीर झाला न, तर ताई या जन्मी माह्याशी बोलणार नाई. आपण एसटीनं जाऊ.”

“घरची मोटार असताना?”

“घरची मोटार असल्यामुळंच म्हणून राहिली मी.”

वास्तविक एसटी सकाळी सातला सुटायची आणि साडेआठला सावनेरला टेकायची. मनोहररावांनी त्या क्षणी मान डोलवली असती तर हा कागद काळा करायची वेळ आली नसती. पण साडूच्या दारात मोटारीतून उतरायचं, हे त्यांच्या मनानं दोन वर्षांपूर्वीच मंजूर करून ठेवलं होतं.

“चाकाचा बंदोबस्त करतो,” ते म्हणाले.

बंदोबस्त करायला आला तो वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ मधुसूदन. सीताबर्डीवर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. अंगानं काडी, डोक्यानं कारखाना. त्यानं चाकाजवळ आसाच्या खाली पितळेची एक जीभ लोंबती सोडली. हवा कमी झाली, चाक बसलं, की जीभ जमिनीला लागणार, मागे दाबली जाऊन गाडीच्या लोखंडाला टेकणार आणि आत दिवा पेटणार. कल्पना झकास होती. फक्त दिवा हवा होता.

“माझ्याकडे आहे,” मनोहरराव म्हणाले, आणि ट्रंकेतून त्यांनी एक लाल दिवा काढला.

या दिव्याचा पूर्वेतिहास सांगणं भाग आहे. हा साहेबांच्या खोलीच्या दारावरचा दिवा. तो लागला की साहेब कामात. कुणी आत जायचं नाही. मनोहररावांनी एकतीस वर्षं या दिव्याखाली फायली छातीशी धरून काढली. एकदा तर साहेब बदली होऊन जबलपूरला गेले आणि जाताना दिवा बंद करायला विसरले. मनोहरराव त्या दिवशी साडेसहापर्यंत उभे होते. कचेरीत नवी वायरिंग झाली तेव्हा जुनं सामान लिलावात निघालं. बाकीच्यांनी खुर्च्या घेतल्या, यांनी दिवा घेतला. (माणूस तुरुंगातून सुटताना आठवण म्हणून गज घेऊन येतो, त्यातला प्रकार.)

मधुसूदननं आतला बल्ब बदलून तो मोटारीच्या बॅटरीवर चालेलसा केला आणि स्टिअरिंगच्या शेजारी बसवला. भरताच्या वांग्याएवढा तो दिवा तिथे असा शोभला, की गाडी चालवणाऱ्याला वाटावं, आपण कुणाच्या तरी परवानगीनं चाललो आहोत. खालच्या तारेचा एक जोड उघडा राहिला, कारण चिकटपट्टी संपली आणि त्याच वेळी वच्छलाबाईंनी चहा झाल्याची हाक मारली. चहा झाल्यावर मधुसूदनला चहाच आठवत राहिला.

साक्षगंधाच्या दिवशी साडेसातला सगळे तयार होते. वच्छलाबाईंनी इतवारीतून गोपिकेसाठी पाणी भरायचा भलामोठा पितळी गुंड आणला होता. लुगडं त्याच गुंडात ठेवून तोंडाला फडकं बांधलेलं. वच्छलाबाई तो गुंड क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नव्हत्या. पुढच्या सीटवर बसून त्यांनी तो पायाशी ठेवला. मधुसूदन मागे बसला. मनोहररावांनी किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला.

मनोहररावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते समोर पाहत बसले. एक मिनिट गेलं. पाच गेली.

“काय करून राहिले जी?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“थांबलोय.”

“कोनासाठी?”

दिवा लाल आहे म्हणजे थांबायचं, यापलीकडे मनोहररावांनी विचारच केला नव्हता. त्यांचा हात आपोआप शर्टाची वरची गुंडी लावायला गेला होता.

“भाऊजी, साहेब आत नाईत,” मागून मधुसूदन म्हणाला. “हवा पाहा.”

सगळे उतरले. वच्छलाबाई गुंड कडेवर घेऊन उतरल्या. मनोहररावांनी चाकावर टिचक्या मारून पाहिलं (टरबूज पाहतात तसं, त्यांना टरबुजातलंही कळत नसे). मग पायपंप काढून पन्नास वेळा दाबला. आत वाकून पाहतात तो दिवा विझलेला. ते समाधानानं बसले. वच्छलाबाई बसल्या. दिवा लागला.

पुन्हा उतरले. पुन्हा पन्नास. दिवा विझला. पुन्हा बसले.

“तारेत काहीतरी असंल,” मधुसूदन म्हणाला. “मी पाहू का खाली?”

“चौकशी चालू असताना कागदपत्रांना हात लावायचा नाही,” मनोहरराव म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या मनात एक भयंकर विचार आला होता, आणि माणसाच्या मनात भयंकर विचार आला की तो खरा वाटतो.

दिवा कधी विझतो? वच्छलाबाई उतरल्या की. कधी लागतो? वच्छलाबाई बसल्या की. चाक कोणतं? डावं. त्या बसतात कुठे? डावीकडे. निष्कर्ष टिपणीसारखा स्वच्छ होता. प्रश्न एवढाच, की ही टिपणी वरिष्ठांकडे सादर कोण करणार.

मानकापूर मागे पडेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. दिवा लागलेलाच होता आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती, कारण लाल दिव्यापुढे वेग वाढवायला त्यांचा पाय तयार होईना. कोराडीजवळ त्यांनी पुन्हा गाडी थांबवून हवा भरली. शेजारच्या रुळांवरून सावनेरकडे जाणारी छोट्या लाइनची गाडी मागून आली. तिच्या वेगाबद्दल त्या भागात असं म्हणत की, पुढच्या डब्यातून उतरून बोरं वेचावीत आणि मागच्या डब्यात चढावं. ती गाडी यांना मागे टाकून गेली. दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं टोपी हलवली.

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

“अवं,” मनोहरराव अखेर म्हणाले, “तू जरा मागं बसतेस का?”

“काहून?”

“काही नाही. मागं हवा चांगली लागते.”

“अन् पुढं काहून लागत नाई?”

“तसं नाही. गाडीचा जरा... भाराचा प्रश्न असतो. डाव्या अंगाला...”

वच्छलाबाईंनी आधी त्यांच्याकडे, मग दिव्याकडे, मग चाकाकडे पाहिलं. बाईमाणसाला हिशेब शिकवावा लागत नाही.

“मधू,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तू पुढं ये गा. तुह्या भाऊजीच्या दिव्याले मी जड होऊन राहिली.”

त्या गुंड मांडीवर घेऊन मागे बसल्या. मधुसूदन पुढे आला. दिवा लागला नाही. मनोहररावांना एकाच वेळी शास्त्रज्ञाचा आनंद आणि नवऱ्याची भीती वाटली. असा योग कमी नवऱ्यांच्या वाट्याला येतो.

पुढचे चार मैल गाडी सुरेख गेली. मागच्या सीटवरून अवाक्षर येत नव्हतं. मनोहररावांना संसाराचा अनुभव होता. शिव्या परवडतात, शांतता परवडत नाही. ती मोडावी म्हणून ते म्हणाले, “पाहा, कशी चालली.”

तेवढ्यात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गाडी डावीकडे झुकली. आणि लाल दिवा लागला. टायर फुटल्याची बातमी दिव्यानं आवाजानंतर दिली. उशिरा, पण खरी. कचेरीतून आणलेल्या वस्तूकडून याहून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हतं.

“हवा जास्त झाली, भाऊजी,” मधुसूदन खाली वाकून म्हणाला. “दोनशे वेळा पंप मारला तुम्ही. टायर अगोदरच टकला.”

“हवा कमी असल्याचा दिवा लागला होता.”

“तो कमीचाच लागते. जास्तीचा दिवा आपण बसवला नाई.”

डिकीतून स्टेपनी काढली. तीत हवा नव्हती. पाचव्या चाकाकडे वर्षभर कुणी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर जीभ नव्हती आणि दिवाही नव्हता. पाटणसावंगीच्या अलीकडे, ऐन उन्हात, नागपूरचा सेवानिवृत्त बडे बाबू जरीकाठी उपरण्यासकट पायपंप दाबू लागला. साडेदहा झाले. मुहूर्ताची वेळ टळली.

वच्छलाबाई बाभळीच्या सावलीत गुंड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त गुंडाच्या तोंडाचं फडकं सोडून आत पाहत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या.

“पोरगी जुन्या लुगड्यात बसली असंल,” त्या म्हणाल्या. “नाईतर बसलीच नसंल. दोनी वाईटच.”

मनोहररावांनी पंप थांबवला. आपण साहेबांना, दिव्यांना, शिक्क्यांना जन्मभर घाबरलो, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण या बाईची बहीण आपल्या एका दिव्यापायी जाणार, हे त्यांना पहिल्यांदाच नीट दिसलं. त्यांनी पंप पुन्हा दाबायला घेतला, दुप्पट जोरानं.

स्टेपनी बसवून झाली. मधुसूदननं वाकलेली जीभ सरळ केली. वच्छलाबाईंना आता मळमळत होतं. त्या मागे आडव्या झाल्या आणि गुंड त्यांनी पुढे मधुसूदनच्या हाती दिला. “सांभाळ गा. पायाशी ठेव.”

मधुसूदननं गुंड पायाशी ठेवला. दिवा लागला.

मधुसूदनचं वजन सगळ्यांना माहीत होतं. वादळात त्याला दुकानाचं शटर धरून उभं राहावं लागे.

मागून वच्छलाबाई हळूहळू उठून बसल्या.

“मधू, गुंड उचल बरं.”

उचलला. दिवा विझला.

“ठेव.”

ठेवला. लागला.

“मी उठली की गुंड उठते,” वच्छलाबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या. “मी बसली की गुंड बसते. ह्या एवढ्या वाटेनं मी जड होती, अन् तो पितळेचा गुंड हलका होता. हो न जी?”

मधुसूदन पायाशी वाकला. उघडा राहिलेला तारेचा जोड गुंडाच्या काठाला बरोबर टेकत होता आणि गुंड खालच्या पत्र्याला. दिवा बिचारा इमानदारीनं लागत होता. त्याला काय ठाऊक, की आपल्याला हाक मारतंय ते चाक नसून गोपिकेचं आंदण आहे.

“चिकटपट्टी संपली होती,” मधुसूदन पुटपुटला.

“अक्कल संपली नव्हती न?” वच्छलाबाई म्हणाल्या. पण त्या भावाशी बोलल्या. नवऱ्याशी बोलायचं त्यांनी राखून ठेवलं होतं.

गुंड मागे गेला. दिवा विझला. सावनेर तीन मैलांवर असताना तो पुन्हा लागला.

या वेळी गुंड वच्छलाबाईंच्या मांडीवर होता आणि तारेला मधुसूदनचा रुमाल गुंडाळलेला होता. म्हणजे हा दिवा खरा होता. स्टेपनीतली हवा हळूहळू चालली होती. मनोहररावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, गाडी थांबली, आणि हात मांडीवर आले.

“अजी.”

“दिवा लागलाय.”

“दिसून राहिला मले.”

“चाक बसेल. रिम जाईल.”

“जाऊ द्या रिम. चाक दुसरं भेटते. बहीण दुसरी भेटत नाई.”

मनोहरराव दिव्याकडे पाहत राहिले. एकतीस वर्षांत हा दिवा लागलेला असताना ते कधी आत गेले नव्हते. मागे गुंडावर बोटांची टकटक चालली होती. त्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली, गिअर टाकला आणि लाल दिव्याच्या डोळ्यासमोर गाडी दामटली. (साहेबांपैकी कुणी पाहिलं नाही. तरीही त्यांनी एकदा मागच्या काचेत पाहून घेतलं.)

सावनेरच्या गल्लीत मोटार शिरली ती डावीकडे कलून, लंगड्या रेड्यासारखी खडखडत. सव्वाअकरा वाजले होते. दारापुढे मांडव होता. मांडवात मात्र शुकशुकाट. एक माणूस सतरंजी झटकत होता, आणि सिंधूताईचे यजमान चंपतराव धोतराचा काचा खोचून पाण्याचं टिपाड सरकवत होते. वच्छलाबाईंनी गुंड पोटाशी धरला.

“उरकलं,” त्या म्हणाल्या. “सगळे जेवून गेले.”

सिंधूताई बाहेर आली. हात पिठानं भरलेले. तिनं मोटारीकडे पाहिलं, चपट्या चाकाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

“आले का वं? बरं झालं. चुलीपाशी माणूस कमीच पडून राह्यलं होतं.”

“ताई, मुहूर्त...”

“साडेबाराचा हाय.”

“कार्डावर साडेदहा होतं,” मनोहरराव म्हणाले.

“तुमच्या कार्डावर,” सिंधूताई म्हणाली. “बाकी समद्यायले साडेबाराच लिवलं. तुमच्या मोटारीचे दोन तास मी वेगळे धरले जी. लुगडं पायजे होतं मले.” मग तिनं गुंडाचं फडकं सोडून आत डोकावलं, आणि तिचा आवाज बदलला. “अन् लुगड्यावाली बी पायजे होती. दोन वर्सं संत्रं गोड लागलं नाई, वच्छे.”

मांडवात सर्वांत आधी आलेले पाहुणे म्हणून मनोहररावांची ख्याती झाली. वच्छलाबाईंनी बहिणीच्या गळ्यात पडून रडून घेतलं, डोळे पुसले आणि लगेच गाडीतल्या भाराची गोष्ट सांगायला बसल्या. साडेबारापर्यंत ती चुलीपासून मांडवापर्यंत सगळ्यांना पाठ झाली. पुढे दुपारी पंगतीत मनोहररावांसमोर वाढणारी प्रत्येक बाई विचारून जाई, “अजून एक पुरी देऊ का जी, का डावं अंग जड होईल?” गोपिका मावशीच्या लुगड्यात पाटावर बसली होती. तीही हसली. नवऱ्या मुलाकडचे लोक म्हणाले, पोरगी हसतमुख आहे.

परत येताना डिकीत संत्र्यांची पेटी होती. आणि मोटार एका ट्रकच्या मागे दोरानं बांधलेली होती.

सदर लाल दिवा वच्छलाबाईंच्या तोंडी आदेशावरून मोटारीतून काढण्यात आला. मधुसूदननं घरच्या लाइटवर चालणारा बल्ब घालून तो स्वयंपाकघराच्या दारावर बसवला, या वेळी चिकटपट्टी लावून. त्याचं बटण आत, ओट्याशेजारी आहे. दिवा लागला असताना कुणी आत जायचं नाही आणि चहा मागायचा नाही.

मनोहररावांनी दिवा मोटारीस परत मिळावा म्हणून रीतसर अर्ज लिहिला आहे. सोबत भाराच्या विधानाबद्दल बिनशर्त माफीचं परिशिष्टही जोडलं आहे. अर्ज घेऊन ते दाराबाहेर उभे आहेत, शर्टाची वरची गुंडी लावून. आतून संत्रं सोलल्याचा वास येतो आहे. पण दिवा लागलेला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.